किड क्रिश, सी. पी. बेरार आणि वऱ्हाडचा पडदा

धागा थोडा लांब आहे. विषय दोन आहेत : दूरचित्रवाणीवरील एक मुखवटाधारी बालनायक, आणि १९५६ साली नकाशावरून पुसला गेलेला एक प्रांत. वरवर पाहता दोहोंचा काहीही संबंध दिसत नाही. तो सापडतो अमरावती-अकोल्यात.

२ ऑक्टोबर २०१३. गांधी जयंतीची सुटी, मुले घरी. कार्टून नेटवर्कवर त्या दिवशी 'किड क्रिश' हा ॲनिमेशनपट प्रथम दाखवण्यात आला. राकेश रोशन यांची फिल्मक्राफ्ट, तिरुअनंतपुरमची टून्झ आणि स्वतः वाहिनी अशी तिघांची ही निर्मिती होती. बरोबर तीस दिवसांनी, १ नोव्हेंबरला, दिवाळीच्या तोंडावर 'क्रिश ३' चित्रपटगृहांत झळकणार होता. वाहिनीवरचा हा बालक्रिश म्हणजे मोठ्या क्रिशच्या आगमनाची दवंडी होती.

एखाद्या गाजलेल्या विज्ञानपटमालिकेतून दूरचित्रवाणीसाठी कार्टून काढण्याची कल्पना अर्थातच आपली नव्हे. 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या तीन चित्रपटांचे पर्व १९८३ साली संपले आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 'ड्रॉइड्स' व 'इवॉक्स' या दोन ॲनिमेशन मालिका आल्या. 'रोबोकॉप' हा १९८७चा चित्रपट इतका हिंसक की लहानांना तो पाहण्याची सोय नव्हती. तरीही पुढच्याच वर्षी त्याचे लहानांसाठी कार्टून निघाले. 'मेन इन ब्लॅक'चा चित्रपट आणि मालिका तर १९९७ या एकाच वर्षातली. स्वतः कार्टून नेटवर्कने २००३ ते २००५ या काळात 'क्लोन वॉर्स'चे छोटे छोटे भाग दाखवले होते. या सर्व खटाटोपामागचे गणित सरळ आहे. चित्रपट काही वर्षांतून एकदा येतो. मूल मात्र दरवर्षी एका वर्षाने मोठे होते. मधल्या काळात पात्राची ओळख विझू द्यायची नसेल, तर ते पात्र घरातल्या पडद्यावर रोज दिसत राहिले पाहिजे.

आपल्याकडे हे गणित विशेष निकडीचे होते. 'कोई... मिल गया' ८ ऑगस्ट २००३ला आला, 'क्रिश' २३ जून २००६ला, आणि त्यानंतर तब्बल सात वर्षे काहीच नाही. २००६ साली आठ वर्षांचा असलेला प्रेक्षक २०१३ साली पंधराचा झाला होता, म्हणजे मिसरूड फुटण्याच्या वयाचा. काळ्या मुखवट्याचे त्याला अप्रूप उरले असेलच असे नाही. आणि २०१३ साली जो आठ वर्षांचा होता, तो 'क्रिश' आला तेव्हा पाळण्यातून जेमतेम बाहेर पडला होता. या नव्या पिढीला आमंत्रण धाडणे भाग होते.

याच घराण्याचा पहिला प्रयोग याआधीचा आहे. 'कोई... मिल गया'च्या यशानंतर २००४च्या सुमारास निकलोडियनवर 'जे बोले तो जादू' ही मालिका आली होती. ती माणसांनी अभिनय केलेली होती, चित्रांची नव्हे. म्हणजे परग्रहावरचा निळा पाहुणा आधी छोट्या पडद्यावर गेला, आणि त्याच्याकडून मिळालेल्या शक्तीचा वारसदार त्याच्यामागून, रेखाटलेल्या रूपात.

टून्झची निवडही विनाकारण झालेली नव्हती. तिरुअनंतपुरमच्या टेक्नोपार्कमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या या स्टुडिओने २००३ मध्ये 'तेनाली रामन'ची मालिका कार्टून नेटवर्कसाठी केली होती. त्या काळात भारतीय स्टुडिओंचा बराचसा उदरनिर्वाह परदेशी मालिकांच्या रेखाटनाच्या कामावर चाले. देशी पात्र म्हटले की पुराणे, पंचतंत्र किंवा दरबारी विदूषक यांच्यापलीकडे फारसे कोणी जात नसे. तिथे धोकाही कमी आणि हक्काचे पैसेही द्यावे लागत नाहीत. २००८ साली 'छोटा भीम' आला, तोही नावापुरता का होईना महाभारताला टेकूनच. विज्ञानकथेतला, मालकी हक्क असलेला, हयात नटाचा चेहरा धारण करणारा नायक कार्टूनमध्ये आणणे ही त्या पार्श्वभूमीवर निराळी गोष्ट होती.

साधनचिकित्सेची आवड असणाऱ्यांसाठी इथे एक गंमत आहे. २००६च्या 'क्रिश'मध्ये आजी नातवाला जगापासून दूर डोंगरात लपवते, त्याची शक्ती कोणाला कळू नये म्हणून. मुखवटा येतो तो फार पुढे, सिंगापुरात, सर्कशीला आग लागते तेव्हा, आणि नायक तोवर तरुण झालेला असतो. चित्रपटाच्या कथेत मुखवट्यातला बाल क्रिश असूच शकत नाही. असता तर आजीचा सगळा बंदोबस्त व्यर्थ ठरला असता. कार्टूनने ही अडचण सोडवली नाही. तिच्याकडे लक्षच दिले नाही. बखरकारही अनेकदा हेच करतात : पराक्रमी पुरुषाचे बालपण आधीपासूनच पराक्रमी असावे लागते, मग मूळ नोंदी काहीही म्हणोत.

आता वऱ्हाडाकडे वळू.

'क्रिश' आणि 'क्रिश ३' अमरावती-अकोल्यात पोहोचले ते कोणत्या वाटेने? हिंदी चित्रपटाच्या व्यवहारात भारताचे राज्यवार विभाग नसतात, 'सर्किट' असतात. मुंबई, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, राजस्थान, सेंट्रल इंडिया, निजाम, म्हैसूर, बिहार, बंगाल... आणि सी. पी. बेरार. शेवटचे नाव पुन्हा एकदा वाचावे. सी. पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्यप्रांत. बेरार म्हणजे वऱ्हाड.

या नावाचा इतिहास थोडक्यात असा. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले, हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी. १९०२ मध्ये कर्झनच्या कारकिर्दीत वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे आले आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. १९३६ साली 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हे जोडनाव अधिकृत झाले. सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच राहिले, इतके की हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. १९५० मध्ये त्या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. प्रांत संपला.

चित्रपटाच्या वहीत मात्र संपला नाही. बोलपटाच्या जमान्यात वितरकांनी त्या काळच्या प्रशासकीय नकाशावर आपले मुलूख आखून घेतले, आणि राज्ये बदलली तरी करारांतली नावे बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही. त्यामुळे 'सी. पी. बेरार' सर्किटमध्ये विदर्भासोबत मध्य प्रदेशाचा काही भाग आणि छत्तीसगडही मोडते. खानदेशातले भुसावळ-जळगावही त्याच गोटातले. मराठवाडा 'निजाम'मध्ये. पश्चिम महाराष्ट्र 'मुंबई'त, तेही गुजरातच्या जोडीने. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १०६ जणांनी प्राण दिले आणि राज्य झाले. हिंदी चित्रपटाच्या हिशेबात तो महाराष्ट्र आजतागायत संयुक्त झालेला नाही.

आणि या सर्किटची एक मोठी पेठ होती अमरावती. नागपूर राजधानीचे शहर असूनही वितरकांची कार्यालये अमरावतीत थाटली गेली. यशराज फिल्म्सच्या वितरण कार्यालयांच्या यादीत मुंबई, दिल्ली, जालंधर, जयपूर, इंदूर यांच्या पंगतीला अमरावतीचे नाव येते, हे बाहेरच्यांना सांगितले तर खरे वाटत नाही. व्यापारी संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, भुसावळला. भुसावळचे कारण उघड आहे, रेल्वेचे जंक्शन. अमरावतीचे कारण बहुधा कापूस. एकोणिसाव्या शतकापासून कापसाच्या व्यापाराने या शहरात रोकड, सावकारी आणि जोखीम पत्करण्याची सवय तिन्ही आणून ठेवली होती. चित्रपटाचे हक्क घेणे हा कापसाच्या सौद्याहून फार निराळा व्यवहार नव्हे. पीक न पाहता किंमत ठरवायची. 'मिनिमम गॅरंटी' म्हणजे निर्मात्याला आगाऊ द्यायची, परत न मिळणारी रक्कम. चित्रपट चालला तर वरच्या 'ओव्हरफ्लो'त वाटा. पडला तर वितरक बुडाला.

चित्रपट येई तो पेटीतून. तीन तासांचा खेळ म्हणजे पंधरा-सोळा रिळे, पत्र्याच्या पेट्यांत बंद करून रेल्वेने किंवा एसटीने धाडलेली. प्रिंट मोजक्याच काढल्या जात, कारण प्रत्येक प्रिंटला पैसे पडत. आधी जिल्ह्याचे शहर, मग तालुका, मग जत्रेतला तंबू. पेटी खाली उतरता उतरता रिळांवर ओरखडे वाढत जात आणि मधले एखादे गाणे गळून पडे. अकोला मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरचे. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा. 'पेटी आली का?' हा टॉकीजच्या दारातला खरा प्रश्न असे. 'क्रिश' २००६ मध्ये आला तेव्हा हा काळ मावळू लागला होता. यूएफओ मूव्हीजने २००५ पासून उपग्रहाद्वारे लहान गावांच्या चित्रपटगृहांत डिजिटल चित्रपट पोहोचवायला प्रारंभ केला होता. 'क्रिश ३'पर्यंत पेटीची सद्दी संपत आली होती. वितरक मात्र होताच, सर्किटही होतेच.

टॉकीजची या शहरांवरची छाप पाहायची तर चौकांची नावे पाहावीत. अमरावतीत चित्रा चौक, प्रभात चौक, सरोज चौक, श्याम चौक. ही नावे कोण्या देशभक्ताची वा संतांची नव्हेत, टॉकीजांची आहेत. अकोल्यात आजही पत्ता सांगताना माणेक टॉकीजचा आधार घेतला जातो. शहराने स्वतःचा नकाशा पडद्याभोवती बांधला, आणि पडद्याच्या मालकांनी त्या शहराला मृत प्रांताच्या नावाखाली नोंदले.

कार्टूनची वाट अगदी वेगळी. 'किड क्रिश'ला पेटी नको, टॉकीज नको, मिनिमम गॅरंटी नको. उपग्रहावरून संकेत येतो आणि सगळ्या देशात एकाच क्षणी उतरतो. पहिल्यांदाच असे झाले, की क्रिशची नवी गोष्ट वरुडच्या मुलाने आणि वांद्र्याच्या मुलाने एकाच वेळी पाहावी. निदान तत्त्वतः.

तत्त्वतः म्हणण्याचे कारण केबल. ऑक्टोबर २०१३ हा संधिकाल होता. केबलच्या डिजिटायझेशनचा दुसरा टप्पा, ३८ शहरांचा, ३१ मार्च २०१३च्या मुदतीचा. त्यात नागपूर होते, अमरावती-अकोला नव्हते. ही शहरे तिसऱ्या टप्प्यात गेली, ज्याची मुदत २०१५ अखेरची. म्हणजे नागपुरात सेट-टॉप बॉक्स आले असताना अमरावती-अकोल्यातल्या बहुतेक केबलच्या घरांत ॲनालॉग संकेतच येत होता. ॲनालॉग केबलवर जागा मर्यादित. कोणती वाहिनी दाखवायची, कोणत्या क्रमांकावर ठेवायची, कोणती टीव्हीच्या टोकाला मुंग्या येणाऱ्या पट्ट्यात ढकलायची, हे गल्लीतला केबलवाला ठरवी. वितरकाची गादी अशा रीतीने केबलवाल्याकडे आली होती. ज्यांच्या गच्चीवर डिशची थाळी होती, त्यांचा अपवाद.

भाषेचा प्रश्न मात्र केबलवाल्याच्या हातातला नव्हता, आणि या साऱ्या कथेत तोच अधिक बोचरा आहे. कार्टून नेटवर्क त्या काळात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू बोलत असे. मराठी नाही. वाहिन्यांच्या आणि जाहिरातदारांच्या वहीत देशाचे दोन मोठे भाग पडतात : दक्षिणेची राज्ये आणि उरलेली 'हिंदी स्पीकिंग मार्केट'. महाराष्ट्र दुसऱ्या रकान्यात. चित्रपटाच्या वहीत वऱ्हाड हे 'सी. पी. बेरार', दूरचित्रवाणीच्या वहीत 'हिंदी भाषक बाजारपेठ'. गिऱ्हाईक दोन्हीकडे तेच, आणि दोन्हीकडे त्याचे नाव चुकीचे.

यावर लगेच सांगितले जाते की वऱ्हाडात हिंदी सर्वांना समजते. समजते, यात शंका नाही. शतकभर मध्यप्रांताच्या शेजारात राहिलेल्या, निजामीचा वारसा असलेल्या या मुलखात हिंदी-उर्दूचे शब्द मराठीत विरघळून गेले आहेत. वऱ्हाडी बोलीचा डौल काही अंशी त्यातूनच आला. पण समजणे आणि आपले असणे यांत अंतर आहे. तमिळ मुलालाही त्या वाहिनीवरचे हिंदी कानावर पडून कळले असते. तरी त्याच्यासाठी वेगळा आवाज ध्वनिमुद्रित झाला, कारण तिथल्या बाजारपेठेने ते मागितले. वऱ्हाडातल्या पोट्ट्याला कोणी विचारलेच नाही. परिणामी त्या पिढीच्या कल्पनेत शाळा, घर, शेत मराठी बोलतात आणि अंतराळयान, प्रयोगशाळा, महाशक्ती हिंदी बोलतात. पुस्तकांत असे नव्हते. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणले होते, जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा मराठीतच लिहिल्या होत्या. छापील पानावर परग्रहवासी खुशाल मराठी बोलत. पडद्यावर त्यांचे मराठी गेले.

पुढे काही वर्षांनी सोनी येसारख्या वाहिनीने मराठी आवाजाची सोय केली. 'किड क्रिश'च्या प्रेक्षकांना त्याचा उपयोग नव्हता. ते तोवर मोठे झाले होते.

'किड क्रिश'चे एकूण चार ॲनिमेशनपट निघाले. पहिल्यानंतर नायक भूतानला गेला, मंगोलियात गेला, आफ्रिकेत गेला. शीर्षकांतच ती ठिकाणे आहेत. मालिका परदेशात विकायची तर स्थळे परदेशी असावीत हा व्यापारी विचार समजण्यासारखा आहे. तरीही नकाशा समोर घेऊन बसले की खंत वाटते. जुन्या वऱ्हाड प्रांतातल्याच बुलढाणा जिल्ह्यात, अकोल्याहून काही तासांच्या अंतरावर, लोणार आहे : बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, तळाशी खारे पाणी, काठावर हेमाडपंती मंदिरे. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. स्थानिक कथा त्याच्या कितीतरी आधीपासून लवणासुर आणि विष्णूच्या युद्धाची गोष्ट सांगत होती. आकाशातून काहीतरी पडते आणि एका गावाचे भाग्य बदलते, ही 'कोई... मिल गया'ची कथा. ती ज्या मुलखात प्रत्यक्ष घडली, तिथे तो नायक कधी आला नाही. जादूला शक्ती सूर्यप्रकाशातून मिळते, हेही ध्यानात घ्यावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या अकोल्यात त्याला उपाशी राहण्याची वेळ आली नसती.

नंतरच्या घटना भराभर सांगता येतील. 'किड क्रिश'ने दाखवलेली वाट इतरांनी रुंद केली. २०१८ मध्ये डिस्कव्हरी किड्सवर 'लिटिल सिंघम' आला, २०१९ मध्ये सॉनिकवर 'गोलमाल ज्युनियर', २०२१ मध्ये कार्टून नेटवर्कवर 'दबंग'. यातला बाजीराव सिंघम चित्रपटात अस्सल मराठी अधिकारी. त्याचे बालरूप मात्र मिर्ची नगर नावाच्या, कोणत्याही जिल्ह्यात न मोडणाऱ्या गावात राहते. विज्ञानपटाच्या घराण्यात पुढचे ठळक उदाहरण यायला २०२४ उजाडले : 'कल्की २८९८ एडी' चित्रपटगृहांत येण्याच्या महिनाभर आधी, ३१ मे रोजी, 'बुज्जी अँड भैरवा' ही ॲनिमेशन मालिका प्राइम व्हिडिओवर आली. युक्ती तीच, तीस दिवसांच्या आसपासचे अंतरही तेच. या वेळी केबलवालाही मधून गेला. मालिका फोनवर उतरली, अचलपूरच्या ओट्यावर आणि अकोटच्या पानटपरीवर.

मार्च २०२५ मध्ये राकेश रोशन यांनी 'क्रिश ४'ची घोषणा केली : दिग्दर्शन हृतिक रोशनचे, निर्मितीत यशराज फिल्म्सची साथ. तीच यशराज, जिच्या वितरण कार्यालयांच्या यादीत अमरावती आहे आणि त्यापुढे सर्किटचे नाव, सी. पी. बेरार.